कच्चं पीठ

“कच्चं?” मालनने पुन्हा विचारलं. “म्हणजे गॅसवर चढवायचाच नाय?”

“नाही, आजी. कोमटसुद्धा करायचं नाही. साध्या पाण्यात कालवायचं आणि लगेच पाजायचं.”

डॉक्टरीण वयाने लहान होती, पण आवाज शाळेतल्या बाईसारखा. मालनला असल्या आवाजाची जन्माची अढी. शाळेत गेली तेव्हा असल्याच आवाजाने तिला दुसरीत घरी पाठवलं होतं, धाकटी भावंडं सांभाळायला.

समोरच्या खुर्चीत सून दिशा बसली होती आणि तिच्या मांडीवर प्रांजल. तीन वर्षांची पोर. गाल बाहुलीसारखे फुगलेले, पोट टरटरून पुढे, हातपाय मात्र काटक्या. चारकोपच्या गल्लीत बायका तिचे गाल ओढून म्हणायच्या, आजीच्या हातचं खाऊन कशी गुबगुबीत झालीय बघा! मालन ते ऐकून घ्यायची, नाक वर करून. उन्हाळ्यात एका सकाळी पोरीला झटका आला, डोळे पांढरे झाले, आणि मग या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरत ही माणसं इथे येऊन पोचली होती. मालनचा मुलगा सुयोग भिंतीला टेकून उभा होता. तो लहानपणापासून संकट आलं की भिंत शोधतो.

“बाई, तुम्ही शिकलेल्या,” मालन म्हणाली. “पण मी खानावळ चालवलीय. इंडस्ट्रियल इस्टेटीतली पोरं माझ्या हातचं जेवून संसाराला लागली. कच्चा कधी कुत्र्याला घातला नाय मी. आणि नातीक घालू?”

“आई, त्यांना बोलू द्या ना,” दिशा हळूच म्हणाली.

डॉक्टरीण चिडली नाही. तिने दिशाच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे बोट केलं. “आजी, साखरेचा एक एक मणी आहे असं धरा. मणी तोच. पण ओवायची तऱ्हा निराळी, म्हणून काम निराळं. माळ सरळ ताणली, माळेला माळ चिकटवून पेंढी बांधली, की झाला काथ्या. कापूस, लाकूड तेच. ओढ सोसायला, उभं राहायला केलेलं. आपल्या पोटाला ती पेंढी सुटत नाही.”

“काथ्या साखरेचा?” मालन खो खो हसली. “मग गिरणीच्या संपात आम्ही सुंभ उकडून खाल्ला असता गो! आणि कुर्लीचं कवच काय, खडीसाखरेचं?”

“जवळजवळ,” डॉक्टरीण म्हणाली. “तिथे मण्याला एक जास्तीची गाठ असते, एवढंच. म्हणून ते चिलखतासारखं कडक.”

मालनचं हसू जागच्या जागी राहिलं. एवढ्या कुर्ल्या फोडल्या आयुष्यात, कुणी सांगितलं नव्हतं.

“तीच माळ पिळून, वळकटी करून, दाणा दाणा घट्ट रचून ठेवली की होतं पीठ. झाड ते पुढच्या रोपासाठी साठवतं, त्याला घाई नसते. आणि माणसाला तर घाई असते. धावायचं असतं, उपाशी निजायचं असतं. म्हणून आपलं शरीर साखर झुडपासारखी साठवतं. फांदीला फांदी, टोकंच टोकं. गरज लागली की सगळ्या टोकांवरून एकदम मणी खुडायचे. हे झुडूप असतं यकृतात.”

“म्हणजे?”

“काळीज, आई,” सुयोग भिंतीकडून म्हणाला. “मटणवाल्याकडे घेतो ते.”

“हां, काळीज.” हे मालनला कळलं.

“प्रांजलच्या काळजात झुडूप आहे. भरपूर आहे, म्हणून तर पोट एवढं मोठं. मणी खुडलेही जातात. पण काळजाचं दार उघडून ते रक्तात सोडायची किल्ली तिच्याकडे जन्मापासून नाही. कोठार भरलेलं आणि पोर उपाशी. म्हणून तिला बाहेरून साखर पुरवत राहायची, सारखी, थोडी थोडी. कच्च्या पिठाचा दाणा घट्ट असतो. पोट त्याला बाहेरून कुरतडतं, सावकाश. ते तिला तासन्‌तास पुरतं. शिजवलं की दाणा फुगतो, फुटतो, सगळं एकदम मोकळं होतं. साखर झरकन चढते आणि झरकन उतरते. मग ती बेशुद्ध.”

दिशाने मान हलवली. तिला कळलं होतं. सुयोगनेही हलवली, तो कुणापुढेही हलवतो. मालनने पोरीच्या पोटाकडे पाहिलं. भरलेलं काळीज आणि कुलूप, हे तिला पटलं; असली माणसं तिने पाहिली होती. पण कच्च्या पिठाची गोष्ट तिच्या मनाच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

चारकोपच्या सेक्टरातल्या त्या बैठ्या घरात स्वयंपाकघर मालनचं होतं. घर सुयोगच्या बापाने, शिवदासने, गिरणी बंद पडल्यावर गावची जमीन विकून घेतलं होतं, पण स्वयंपाकघर हे राज्य मालनने स्वतः जिंकलं होतं. दिशा लग्न होऊन दहिसरहून आली तेव्हा बी.कॉम. होती आणि पहिल्याच आठवड्यात तिने आमटीत साखर घातली. तेव्हापासून तिला कोथिंबीर निवडायची मुभा होती, फोडणीची नव्हती. “तुझ्या माहेरी गोड खाऊन बोलतात गोड. हंय तिखट खाऊन खरा बोलतत,” हे मालनने तिला तेव्हाच सांगून टाकलं होतं.

आता त्या राज्यात पिठाचा एक डबा आला. दिशाने आणला, दिशानेच ठेवला, मालनच्या मसाल्याच्या डब्याशेजारी, न विचारता. कॉर्नफ्लोअर. पांढरं फटक, चिमटीत धरलं तर करकरणारं. ठरल्या वेळी दिशा मापून पीठ घ्यायची, पाण्यात कालवायची, प्रांजलला पाजायची. रात्रीसुद्धा उठून. फळ बंद, दूध बंद, गूळ बंद. मग बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर बघायची. पोर आधी रडायची, मग ओठ घट्ट मिटून घ्यायची. पोट गुडगुडायचं, वारा धरायचा. कधी सगळं उलटून पडायचं, पांढरं, जसंच्या तसं.

“बघ, जसा गेला तसा आला,” मालन म्हणायची. “पोटाने हात लावला नाय त्येका. अन्न नाय ता, रांगोळी आसा.”

“आई, प्लीज.”

“मी काय म्हणतंय? मी काय बोलतंय काय तुका?”

पण तिला हेही दिसत होतं की झटका पुन्हा आला नव्हता. पोर दिवसभर टुरटुर बोलायची. कावळ्याला, पंख्याला, शेजारच्या शकुच्या मांजराला. मालनला ती ‘आज्ये’ म्हणायची, आणि एका वाक्यात इतक्या वेळा म्हणायची की मालन वैतागून ओरडायची, “गो, आज्ये आसंय, देवाचा नाव न्हय. एकदा घेतलास तरी चलता!”

गणपती झाले आणि दिशाची रजा संपली. बोरिवलीतल्या टाइल्सच्या दुकानात ती हिशेब बघायची. मालकाने सांगितलं, या नाहीतर राहा घरीच. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने मालनसमोर डबा ठेवला.

“दुपारचं तुम्ही द्यायचं, आई. माप डब्यातच आहे. पाण्यात कालवून. मी संध्याकाळी येते, तोवर मध्ये थोडा भात भरवा. झोपली तर उठवा. झोपू द्यायचं नाही जास्त.”

“शिकवतंस माका? तुझो घो कोणी वाढवल्यान?”

दिशाने डबा तिच्याकडे सरकवला. मग म्हणाली, “तुमच्यावरच टाकून जातेय ना.”

मालनने डबा हातात घेतला. सुनेने तिच्यावर काही टाकून जावं, हे पहिल्यांदाच. पहिले काही दिवस तिने अगदी सांगितलं तसं केलं. पोरीचे हात मांडीत आवळून, नाक दाबून, कच्चं पांढरं पाणी घशात. पोर उचक्या देत रडायची आणि मालन तोंड फिरवून शिव्या द्यायची. कुणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग पितृपक्षात शिवदासचा म्हाळ आला. सुयोगने सुट्टी घेतली, दिशाला मिळाली नाही. मालनने वडे केले, खीर केली, काळ्या वाटाण्याची आमटी केली, त्याला आवडायची तशी जळजळीत. भटजींनी परातीत पीठ घेतलं, वर पाणी सोडलं, कालवलं, पिंड वळले. कावळा लगेच आला. शिवदास जिवंतपणीही जेवायला कधी उशीर करायचा नाही.

पानं उठली. शकु जेवायला होती, ती मागे आवराआवरीला राहिली. प्रांजलची वेळ झाली तशी मालनने वाटीत पीठ घेतलं, वर पाणी सोडलं आणि बोटाने कालवायला लागली. शकु भांडी घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

“अगो बाय! सकाळी आजोबाक कालवलानी, ताच आता नातीक?”

शकुने ते सहज म्हटलं. तिची जीभ तशीच, दाराला कडी नसलेली. पण मालनचं बोट वाटीत थांबलं. पीठ हळूहळू तळाला बसलं, वर निवळ पाणी आलं. मेलेल्याला कच्चं, जित्याला शिजवलेलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, कुणाला शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी सुयोग घरी होता, म्हणून तिने तसंच पाजलं. पोरीने सगळं उलटून टाकलं, आजोबाच्या तसबिरीसमोर.

दुसऱ्या दुपारी मालनने दाराला आतून कडी घातली. डब्यातलं पीठ घेतलं, मापाने, तसूभर कमी नाही की जास्त नाही. पाण्यात कालवलं. आणि टोप गॅसवर ठेवला.

पेज करणं म्हणजे काय ते मालनला कुणी सांगायची गरज नव्हती. संपाच्या वर्षी घरात मूठभर कण्या असायच्या. त्या तिने पेजेत ताणल्या, मोठ्या मुलीला, नंदाला, पेजेच्या निवळीवर जगवली. नंदा आज दोन पोरांची आई आहे, मारकुट्या म्हशीसारखी धडधाकट. पेजेने कधी कुणाला दगा दिला नव्हता. तिने मंद आचेवर ढवळायला घेतलं. आधी नुसतं पांढरं पाणी, पळीला लागतही नाही. मग एका क्षणी, सांगून येत नाही तो क्षण, पळी जड होते. पांढरेपणा जातो, टोपात काचेसारखं काहीतरी लकाकायला लागतं. दाणा फुटला. मालनने चवीला मीठ टाकलं, जिरं चुरडून टाकलं, फुंकर घालून निववलं.

प्रांजलने पहिला घास संशयाने घेतला. मग वाटी दोन्ही हातांनी धरली.

“आज्ये, अजून!”

“पोटभर खा माझ्या राजा.”

“आज्ये, हे छान पीठ आहे. आज्ये, ते वाईट पीठ कुठे गेलं?”

“त्येका मी हाकलून लावलंय.”

पोर नंतर घरभर नाचली. गालावर लाली आली, शकुच्या मांजराला गाणं म्हणून दाखवलं. पुढे मालनने भात भरवला, संध्याकाळी दिशाने यंत्र लावलं आणि म्हणाली, “आज साखर छान आहे, आई. उलटीपण नाही ना?”

“नाय.”

“पाण्यातच दिलंत ना? दुधात नाही?”

“पाण्यातच गो. दुधाचो थेंब नाय लावलंय,” मालन म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. मालन खोटं बोलणाऱ्यांतली नव्हे. पाण्यातच केलं होतं. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी पाय पसरून स्वस्थ झोपली. शिकलेल्यांनी पोरीला रांगोळी पाजली. ती माणसासारखं जेवली ती मालनच्या हातचं. एक ना एक दिवस ती हे सगळ्यांसमोर सांगणार होती. डॉक्टरणीसमोर तर खासच. कसं सांगायचं, शब्द कुठले, हेही तिने जुळवून ठेवलं होतं.

असे काही दिवस छान गेले.

त्या दिवशीही छानच होतं. प्रांजल पेज प्यायली, बोट चाटलं, आजीच्या पदरात तोंड पुसलं आणि खेळता खेळता जमिनीवरच आडवी झाली. मालनने तिला उचलून कॉटवर ठेवलं, पंखा लावला. स्वतः उंबऱ्यात सुपात जवळा घेऊन निवडायला बसली. शकु समोरच्या दारात होती.

“निजली?”

“निजली तर काय. पोट भरला की पॉर निजताच. बघ, आवाज तरी आसा?”

“माझो नातू मेलो क्षणभर निजणा नाय.”

“तुझ्या सुनेच्या हातचा खाता, कसो निजतलो?”

दोघी हसल्या. फोन वाजला. दिशा होती, दुकानात माल उतरत होता, तिला उशीर होणार होता.

“आई, पीठ दिलंत?”

“दिलंय.”

“जागी आहे ना? भात भरवलात?”

“निजलीय आत्ताच. उठली की भरवतंय.”

“उठवा तिला, आई. आत्ता उठवा.”

“होय, उठवतंय,” मालन म्हणाली आणि फोन ठेवला. “निजलेल्या पोराक उठवा म्हणे. ह्येंच्या घड्याळावर जग चलता.”

ती आत गेली, तेव्हा पोरीच्या कपाळावर घाम होता. मालनने तो पदराने टिपला. मान, पाठ, सगळी ओली. उकडत असेल, तिने पंखा वाढवला. पोरीचं तोंड किंचित उघडं होतं. इतकी गाढ, इतकी शांत झोप त्या घराने त्या पोरीची पाहिली नव्हती. सुई नाही, रडणं नाही. वायच निजू दे, मालन मनात म्हणाली, आणि पुन्हा जवळ्याकडे गेली.

जवळा निवडून झाला. सुपात कचरा एकीकडे, जवळा एकीकडे. मालनने भात कालवला, मऊ, वर लोणकढं तूप, आणि ताटली घेऊन कॉटपाशी बसली.

“प्रांजू. गो राजा. ऊठ, भाताचो डोंगर बघ.”

हात लावला तर हात गार. मासा असतो तसा. पापण्यांच्या फटीतून नुसतं पांढरं दिसत होतं, आणि मालन बघत असतानाच पोरीचा उजवा हात एकटाच उडाला, जणू तो तिचा नव्हता.

मालनने ताटली कॉटवर ठेवली. ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडायला विसरली. दिशाने सांगून ठेवलं होतं तसं साखरेचं पाणी घेऊन ती पोरीच्या ओठांवर चोळत राहिली, पण दात घट्ट बसले होते. ओघळ हनुवटीवरून मानेत गेला. मग तिचा आवाज फुटला तो सगळ्या सेक्टरात गेला. शकु चपला न घालता धावली, रिक्षा धरली. रिक्षात मालन पोरीला छातीशी धरून एकच सांगत होती, “जेवलीय हो ती. पोटभर जेवलीय.”

जवळच्या नर्सिंग होममध्ये सलाइन लावलं, तिथून मोठ्या हॉस्पिटलात. दिशा आली, सुयोग आला. पोर काचेच्या पलीकडे होती. झटके थांबले होते, पण डोळे उघडत नव्हते. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ती शाळा नव्हती.

“साखर फार खाली गेली होती, आणि बराच वेळ,” ती म्हणाली. “मेंदूला किती लागलंय ते उठल्यावर कळेल. पण पुढचं आत्ताच ठरवायला हवं. याचा अर्थ पीठ तिला पुरत नाहीये. काही मुलांना नाही पुरत. मग पोटाला छिद्र पाडून कायमची नळी बसवावी लागेल, आणि पुढेमागे यकृतच बदलायचा विचार.”

सुयोगने भिंत शोधली.

“पण डॉक्टर,” दिशा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “पीठ वेळेवर दिलं होतं. मापाने. माझ्या सासूबाईंनी स्वतः दिलं. त्या कधी चुकत नाहीत. खाण्याच्या बाबतीत त्या कधीच चुकत नाहीत.”

मालन बाकावर होती. लग्नापासून दिशाने तिच्याबद्दल एक चांगला शब्द बोलावा म्हणून मालन काही झुरत नव्हती. पण बोलली ती आज, इथे. कुणी विचारलं नव्हतं. कुणी टोप पाहिला नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसलं तर पोरीच्या पोटाला भोक पडणार होतं.

ती उठून उभी राहिली. पदर सारखा केला.

“कच्चा नाय दिलंय,” ती म्हणाली. “मी शिजवलंय.”

“काय?”

“पीठ. पेज केलंय मी. पयल्यापासून नाय, म्हाळानंतर. आजपण.” मग तिला वाटलं, आपली बोली डॉक्टरणीला कळली नसेल. तिने शुद्ध शब्द एकेक करून मांडले, ताटात वाढावेत तसे. “बाई, तुमचं पीठ बरोबर होतं. मी शिजवलं.”

डॉक्टरीण तिच्याकडे वळली. रागावेल असं मालनला वाटलं. राग तिला चालला असता. पण ती फक्त म्हणाली, “बरं झालं सांगितलंत. मग नळी नको,” आणि आत गेली.

दिशा काचेकडे तोंड करून उभी होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मालन घरी परत आली तेव्हा भाताची ताटली कॉटवर तशीच होती, मुंग्या लागलेली. ओट्यावर पेजेचा टोप. आत उरलेली पेज वाळून कडेला पापुद्रा धरला होता. मालनने नखाने तो सोडवला. अखंड निघाला, कांद्याच्या सालीसारखा, आरपार दिसणारा. तिने तो उजेडाकडे धरला. मग डब्यातलं कच्चं पीठ चिमटीत घेतलं. चिमूट दाबली तसं ते करकरलं, हट्टी, मिटलेलं. दाणा फुटला की पेज होते, हे तिला जन्मभर ठाऊक होतं. डॉक्टरणीने तेवढंच तर सांगितलं होतं.

“आये,” सुयोग मागून म्हणाला. “तू मुद्दाम थोडंच—”

“गप ऱ्हव,” मालन म्हणाली. “मुद्दाम केलेला बरा असता. त्येका निदान अक्कल लागता.”

पोर उठली. पण जी झोपली होती ती उठली नाही. चालायची, उजवा पाय किंचित ओढत. उजवी मूठ मिटलेली राहायची. आणि बोलणं गेलं. पंखा, कावळा, मांजर, कुणालाच काही सांगायचं नव्हतं तिला. डॉक्टर म्हणाले, वयाने लहान आहे, येईल परत, कदाचित, थोडं थोडं, शिकवावं लागेल.

दिशा तिला घेऊन दहिसरला माहेरी गेली. भांडली नाही. मालनने भांडणाची सगळी तयारी ठेवली होती, म्हणजे ऐकून घ्यायची. आयुष्यात कधी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, हे घेतलं असतं. पण सुनेने पोरीचे कपडे भरले, यंत्र घेतलं, मसाल्याच्या डब्याशेजारचा पिठाचा डबा घेतला आणि गेली. मालनच्या मांडणीवर त्या डब्याएवढी गोल जागा रिकामी राहिली. त्या जागेवर तिने काही ठेवलं नाही. शकु विचारायला आली, तिच्या तोंडावर दार लावलं.

सुयोग दोन्हीकडे जाऊन येऊन होता. मालन त्याला जेवायला वाढायची. तो जेवायचा. चांगलं झालंय असं तो म्हणायचा नाही, आणि ती विचारायची नाही.

दिवाळीनंतर दिशाची आई घरातच पडली, मांडीचं हाड मोडलं. दहिसरला पोरीला धरायला कोणी उरलं नाही. एका सकाळी दिशा परत आली. डबा तिने पुन्हा त्याच गोल जागेवर ठेवला. नोकरी सोडली होती. दुपारचं पीठ आता तीच द्यायची. मालन त्या वेळी मागच्या मोरीत जाऊन बसायची, घासलेली भांडी पुन्हा घासत.

त्या दुपारी गॅसवर घरच्या भाताची पेज रटरटत होती. मालन मोरीकडे निघाली. मागे पोरीचा घुसमटल्यासारखा आवाज येत होता. हल्ली ती अंग टाकून द्यायची, जबडा आवळायची. तिला धरायला दोन हात लागत. पेला ओट्यावर होता, आणि दिशा खाली, पोर मांडीत, दोन्ही हात गुंतलेले.

“आई.”

मालन थांबली. दवाखान्यापासून ही हाक तिला आली नव्हती.

“पीठ खाली बसतंय,” दिशा म्हणाली. तिच्याकडे न बघता. “तुम्ही ढवळा. पाजते मी.”

मालनने हात धुतले. पुन्हा धुतले. पेला घेऊन ती सुनेसमोर जमिनीवर बसली, गुडघे कुरकुरले. चमचा वाजतो, पोर दचकते. म्हणून तिने बोट घातलं. पाणी गार होतं. तळाशी पीठ बसलेलं, घट्ट, ओल्या वाळूसारखं. बोट फिरलं तसं ते सुटलं, वर आलं, पाणी पांढरं झालं. विरघळलं मात्र नाही. विरघळत नाही ते. हात थांबला की पुन्हा खाली.

“थांबू नका.”

माका शिकवतंस, असं एके काळी म्हणाली असती. ती थांबली नाही.

दिशाने पेला पोरीच्या ओठाला लावला, एक घोट, दुसरा, आणि पोरीने तोंड मिटलं. पेला मालनकडे परत आला. मालनने ढवळलं. पेला गेला. पेला आला. पोर मालनच्या बोटाकडे बघत होती, पांढऱ्या पाण्यात गोल गोल फिरणाऱ्या. तिचे ओठ उघडले.

“आ,” ती म्हणाली.

तो आज्येतला आ होता की नुसतं तोंड उघडणं, मालनने विचारलं नाही. दिशानेही नाही. उघडलं तेवढ्यात घोट आत गेला.

मागे ओट्यावर पेजेचं झाकण थडथडायला लागलं. मग फेस वर आला, टोपाच्या कडेवरून उतू गेला, गॅसवर चर्र झालं आणि करपल्याचा वास स्वयंपाकघरभर पसरला. मालनच्या हातून असं कधी झालं नव्हतं. दिशाने एकदा गॅसकडे पाहिलं, एकदा सासूकडे.

मालनने वळून पाहिलं नाही. पेल्याच्या तळाशी अजून एक पांढरी रेघ होती. तिने वर थोडं गार पाणी ओतलं आणि बोट पुन्हा आत घातलं.